एकशे ऐंशी क्रेडिट आणि चवथ

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिवळा कार्डपेपर अजून चिकटवलेला आहे. वरच्या कोपऱ्यात हळदीचा डाग, खाली मुलीने काढलेला गणपती आणि मध्ये तीन वर्षांचे छत्तीस चौकोन. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२५ या काळात घरी राहून, नोकरी करत, इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचे ‘आंतरराष्ट्रीय शिक्षण’ या विषयातले एम. ए. केले. निकाल नोव्हेंबरमध्ये लागला. तेव्हापासून ओळखीतल्या तिघींनी ‘कसे केलेस गो?’ म्हणून फोन केला आणि प्रत्येकीशी तासभर बोलणे झाले. चौथीसाठी लिहूनच ठेवते. प्रवेश मिळवताना माझी धावपळ झाली, पण खरी गल्लत झाली ती कुठला विषय कधी घ्यायचा हे ठरवताना. म्हणून त्यावर जास्त लिहिले आहे.

हे डोक्यात शिरले ते २०२१ च्या शेवटी, एका प्रशिक्षणात. निपुण भारत, म्हणजे लहान मुलांचे वाचन आणि गणित पक्के करण्याचे केंद्राचे अभियान, नुकतेच सुरू झाले होते. आमच्या प्रशिक्षणांत एक स्लाइड ठरलेली असते, फिनलंडची. तिथे मुले सातव्या वर्षी शाळेत जातात, शिक्षक एम. ए. झालेले असतात, परीक्षा जवळजवळ नाहीत वगैरे. त्या दिवशी शेजारी बसलेले सर हळूच म्हणाले, ‘‘तिकडे शिक्षकाला इलेक्शन ड्युटी असते का, ते विचारा.’’ आम्ही हसलो. पण घरी येताना बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. दुसऱ्या देशातली गोष्ट आपल्याकडे आणायची म्हणजे नेमके काय आणायचे, आणि ती इथे टिकेल की नाही हे कसे कळणार? याचाही कुठे अभ्यास होत असेल, असे वाटून शोधायला लागले.

जानेवारी २०२२ मध्ये पहिली गोष्ट कळली ती अशी की ‘आंतरराष्ट्रीय शिक्षण’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या पदव्या विकल्या जातात. एक प्रकार इंटरनॅशनल शाळांसाठी माणसे तयार करतो. १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालेले आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, अशा शाळांतला अभ्यासक्रम), तसल्या शाळांचे व्यवस्थापन, नेतृत्व असे त्यात असते. दुसरा प्रकार देशोदेशींच्या शिक्षणव्यवस्थांची तुलना आणि विकास यांचा: युनेस्को, ‘सर्वांसाठी शिक्षण’ यावरची १९९० ची जोमतिएन परिषद, शाश्वत विकासाचे चौथे (शिक्षणाचे) उद्दिष्ट, देशोदेशींच्या पंधरा वर्षांच्या मुलांची घेतात त्या पिसासारख्या चाचण्या. तिसरा प्रकार अमेरिकेत जास्त दिसला. विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी जी कार्यालये असतात, तिथे काम करणाऱ्यांसाठीचा. नाव वाचून अर्ज करू नका, विषयांची यादी उघडून वाचा. मी दुसऱ्या प्रकारातला अभ्यासक्रम निवडला. त्यात पहिल्या प्रकारातला एक ऐच्छिक विषयही होता. त्याने पुढे घोळ घातला.

दुसरी गोष्ट आधीच सांगते, कारण ती पैसे भरल्यावर कळली तर फार लागते. परदेशी विद्यापीठाची दूरस्थ पदवी भारतात समकक्ष ठरवून मिळत नाही. म्हणजे सरकारी नोकरीत बढतीसाठी तिचा उपयोग शून्य. बढतीच हवी असेल तर इग्नूचे एम. ए. करा, खर्च किती तरी कमी. मी हे घरी स्पष्ट सांगितले. सासूबाई म्हणाल्या, ‘‘ह्या पिरायेर परत शिकप, आनी पगार वाडचो ना?’’ नवऱ्याचे हार्डवेअरचे दुकान आहे, तो हिशेबाचा माणूस. त्याने विचारले, ‘‘मग कशाला?’’ मी म्हटले, ‘‘मला करायचंय.’’ यापेक्षा बरे उत्तर तेव्हा नव्हते.

कागदपत्रांकडे वळते. फेब्रुवारी निवडणुकीत गेला. मार्चमध्ये पणजीत आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली, फी पंधरा हजारांच्या आसपास. तिची मुदत दोन वर्षांची असते, म्हणून उगाच लवकर देऊ नका. गोवा विद्यापीठातून गुणपत्रकांची अधिकृत प्रत, दोन शिफारसपत्रे, पासपोर्ट आणि नोकरीत असल्याने खात्याचा ना हरकत दाखला, हे सगळे गोळा केले. दाखल्यासाठी अर्ज शाळेतून योग्य मार्गाने वर जातो आणि तसाच खाली येतो, तेव्हा हाताशी दोन महिने धरा. माझा एकदा परत आला. चूक माझीच होती, अभ्यासक्रम नोकरीच्या वेळेबाहेर करणार असल्याचे हमीपत्र मी जोडलेच नव्हते.

नावाची भानगड मात्र खास आपली. लग्नात माझे नाव आणि आडनाव दोन्ही बदलले. गुणपत्रकांवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे, आणि दोन्हींत एक अक्षर सारखे नाही. प्रवेश विभागाने अगदी नम्रपणे विचारले की सोबत जोडलेली प्रमाणपत्रे कोणाची आहेत? गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यामुळे लग्नाची नोंदणी चुकत नाही, त्यामुळे दाखला कपाटात होता. त्याला नोटरीकडचे प्रतिज्ञापत्र जोडले, तीनशे रुपये. दोन दिवसांत उत्तर आले की चालेल. कपाटात दाखला असूनही मी तो आठवडाभर शोधत होते, ही वेगळी गोष्ट.

जुलै २०२२ च्या शेवटी प्रवेश पक्का झाला आणि सोबत एक फॉर्म आला: अभ्यासक्रमाचे नियोजन. कुठले मॉड्यूल (म्हणजे विषय) कोणत्या सत्रात घेणार ते भरून पाठवा, मग एका प्राध्यापकांशी वीस मिनिटे बोलणे होईल. मी समजले हे बीएडच्या विषयनिवडीसारखे, टिका मारायच्या आणि पाठवायचे.

रचना अशी होती. ब्रिटनमध्ये एम. ए. म्हणजे १८० क्रेडिट. त्यातले ६० प्रबंधाचे. उरलेल्या १२० मध्ये तीस-तीसची चार मॉड्यूल, दोन सक्तीची (तुलनात्मक शिक्षण आणि संशोधनपद्धती) आणि सहांतून निवडायची दोन. एका क्रेडिटला दहा तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे एकूण अठराशे तास. साठ क्रेडिटवर थांबलात तर प्रमाणपत्र, एकशे वीसवर थांबलात तर पदविका हातात पडते. मध्येच सोडावे लागले तर सगळे पाण्यात जात नाही, हे वाचून मला फार धीर आला होता.

पदवी दोन ते पाच वर्षांत कधीही पुरी करता येत होती. मी अर्थातच दोन वर्षे लिहिले. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच आपण दोन वर्षांत करू असे वाटते. अठराशे भागिले दोन, भागिले बावन्न, आठवड्याला सतरा तास. फारसे वाटले नाही. नवऱ्याने विचारले, ‘‘सतरा तास तुझ्याकडे आहेत का? मोजलेस?’’ दुकानातला माल मोजल्याशिवाय तो ऑर्डर देत नाही. मी तीन आठवडे वहीत लिहीत गेले, रोज खरोखर किती वेळ सुटा मिळतो ते. पहिल्या आठवड्यात नऊ तास, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात सात, कारण मुलीला ताप होता आणि शाळेत माध्यान्ह आहाराचे हिशेब पुरे करायचे होते. या लेखातून एकच गोष्ट घ्यायची तर ही वही घ्या. सुटीच्या दिवसाचा अंदाज तर बिलकूल मनाने करू नका, रविवारचे माझे सरासरी दोन तास निघाले.

मग कार्डपेपर आला. मुलीने पट्टीने चौकोन आखले. आधी त्यांत ज्या गोष्टी हलत नाहीत त्या लिहिल्या. चवथ पहिली: २०२३ मध्ये १९ सप्टेंबर, २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट. आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती, त्याआधी आठवडाभर घरसफाई, नेवऱ्या, माटोळीचे (गणपतीच्या डोक्यावर फळे-पाने टांगतात त्या चौकटीचे) सामान. मग शाळेच्या परीक्षा, निकालपत्रके, दिवाळीची आणि मे महिन्याची सुटी. सुटी हिरवी, परीक्षा लाल. जून ते ऑगस्टच्या चौकोनांत तिने स्वतःहून विजेचा बाण काढला, कारण पावसात आमच्याकडे वीज जाते. हे सगळे भरल्यावर उरलेल्या जागेत तीन वर्षे बसत होती, दोन नाही. एक मॉड्यूल ऑक्टोबर ते फेब्रुवारी, त्यात दिवाळीची सुटी. दुसरे मार्च ते जुलै, त्यात मेची. ऑगस्ट-सप्टेंबर मोकळे. तिसरे वर्ष पूर्ण प्रबंधाला.

ऐच्छिक विषयांसाठी मी दोन टिका मारल्या: ‘अभ्यासक्रम आणि मूल्यमापन’ आणि ‘आंतरराष्ट्रीय शाळांचे नेतृत्व’. दुसरी टीक खरे तर नवऱ्याच्या हिशेबाची. बढती नाही तर निदान उद्या एखाद्या इंटरनॅशनल शाळेत जाता येईल. मलाही ते पटले होते. ‘बहुभाषिक शिक्षण’ नावाचे एक मॉड्यूल यादीत होते, पण ते मला, काय सांगू, घरचेच वाटले. पाच-सहा भाषांच्या वर्गात मी रोज उभी असते, त्यासाठी पौंड कशाला मोजायचे?

प्राध्यापकबाईंशी बोलणे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात झाले. त्यांनी फॉर्म वाचला आणि पहिलाच प्रश्न केला, यातले कुठले मॉड्यूल तुमच्या प्रबंधाच्या कामी येणार आहे? प्रबंधाचा विषय मी ठरवलाच नव्हता, दोन वर्षांनी बघू म्हणून. त्या म्हणाल्या, तुमची यादी चांगली आहे, पण ती यादी आहे. मग विचारले, उद्या सकाळी वर्गात गेल्यावर तुम्हाला पहिली अडचण कुठली येईल?

मी सांगितले ते असे. पहिलीत सात मुले. दोघांच्या घरी कन्नड, एकाकडे लमाणी, एक ओडिशाचा, एक बिहारचा, दोघी इथल्याच, घरी कोंकणी बोलणाऱ्या. शाळेचे माध्यम मराठी. मधल्या सुटीत सगळी मुले कोंकणीत भांडतात. ओडिशाच्या मुलाने एकदा पाटीवर आंबा काढून खाली काही लिहिलेच नाही, माझ्याकडे बघत राहिला. मी ‘आ’ म्हटले, तो ‘आम्ब’ म्हणाला, शेजारची मुलगी ‘आंबो’ म्हणाली. तिघांचेही बरोबर होते आणि पुस्तकात ‘आंबा’ होते.

पलीकडून काही क्षण आवाज नाही. मला वाटले नेट गेले. मग त्या म्हणाल्या, फॉर्म दहा दिवस उशिरा पाठवलात तरी चालेल.

मी नेतृत्व खोडून बहुभाषिक शिक्षण घेतले. सहज जमले असे नाही. घरी दोन दिवस अबोला होता आणि मला स्वतःलाही आपण दार बंद करतोय असे वाटत होते. आजही इंटरनॅशनल शाळेची जाहिरात दिसली की त्यातली पात्रता मी वाचते. त्यांना आयबीचा अनुभव हवा असतो, नेतृत्वाच्या एका मॉड्यूलने काही झाले नसते, अशी समजूत घालते. खरे काय ते माहीत नाही. क्रमही बदलला. मूल्यमापन आधी आणि बहुभाषिक दुसऱ्या वर्षी, संशोधनपद्धतीच्या लगेच आधी, म्हणजे तिथे वाचलेले प्रबंधापर्यंत शिळे होत नाही. शेवटून सुरुवातीकडे आखायचे, हे मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

पैसे. एका मॉड्यूलला १,५०० पौंड, प्रबंधाला ३,०००, एकूण ९,०००. वर्षाचे एकदम भरायचे की मॉड्यूलप्रमाणे, हा पर्याय होता. मी मॉड्यूलप्रमाणे घेतला. पहिला हप्ता सप्टेंबर २०२२ च्या शेवटी भरला. त्याच आठवड्यात तिकडच्या सरकारच्या अर्थसंकल्पी घोषणांनी पौंड गडगडला होता आणि मला तो बँकेचे कमिशन धरूनही नव्वदच्या आत मिळाला. १ लाख ३४ हजार गेले. मला वाटले, हे काही कठीण नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रबंधाची फी भरताना तोच पौंड ११२ च्या वर होता, ३ लाख ३७ हजार. तिकडे फी एका पौंडानेही वाढली नव्हती. सगळी मिळून ९ लाख ३६ हजारांच्या आसपास गेली. त्यात माझी आवर्ती ठेव आणि भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम. कॉमनवेल्थची दूरस्थ शिक्षणासाठी शिष्यवृत्ती असते, पण ती ठरावीक अभ्यासक्रमांनाच. माझा त्या यादीत नव्हता. तुम्ही यादी आधी बघा आणि मग विद्यापीठ निवडा, मी उलटे केले.

बँकेत ए-२ फॉर्म भरावा लागतो, त्यात पैसे कशासाठी पाठवतोय याचा कोड. शाखेतल्या साहेबांनी परदेशी शिकायला जाणाऱ्यांचा एस०३०५ टाकला आणि मग व्हिसाची प्रत मागितली. मी कुठे जाणारच नव्हते! तीन फेऱ्या झाल्या. घरबसल्या घेतलेल्या परदेशी शिक्षणाच्या फीसाठी वेगळा कोड आहे, एस११०७. कागदावर लिहून घेऊन जा. आणखी एक, हप्ते आर्थिक वर्षांत विभागले गेल्याने माझी रक्कम दर वर्षी सात लाखांच्या आत राहिली आणि टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) कापला गेला नाही. एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाख आहे.

ऑक्टोबर २०२२. तुलनात्मक शिक्षण. तासिका तिकडच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. जेवणे, भांडी, मुलीचा अभ्यास आटोपून बसायचे. महिनाअखेरीस एका सोमवारी मी वेळेवर बसले तर खोली रिकामी. मी एकटी, पडद्यावर माझाच चेहरा. दहा मिनिटांनी पाणी पिऊन आले, वीस मिनिटांनी ईमेल तपासला. मग कळले की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे तासभर मागे घेतात. तास आता साडेअकराला. झोपेने डोळे मिटत होते. तोंडावर पाणी मारून पुन्हा बसले आणि त्या रात्री नेमके इंग्रज शिक्षणतज्ज्ञ मायकेल सॅडलर यांच्यावर बोलणे झाले. त्यांनी १९०० साली एका व्याख्यानात म्हटले होते, परक्या देशांच्या शिक्षणव्यवस्था म्हणजे बाग नव्हे, की मूल हिंडत एका झुडपाचे फूल, दुसऱ्याची पाने तोडून आणते, घरच्या मातीत खोचते आणि झाड उगवेल म्हणून वाट बघते. माझी झोप उडाली. फिनलंडची स्लाइड डोळ्यांसमोर आली. प्रशिक्षणातल्या त्या सरांना मेसेज टाकला, रात्री पावणेएकला. त्यांनी सकाळी अंगठा पाठवला.

पहिला निबंध पाच हजार शब्दांचा. मी गोव्यातल्या माध्यमप्रश्नाला दोन ओळी दिल्या होत्या: नव्वदच्या दशकात प्राथमिक शाळांना अनुदान प्रादेशिक भाषांतून शिकवल्यास, २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही दिले, त्यावर आंदोलन झाले. इथे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. जास्त काय लिहायचे? मग चार हजार शब्द युनेस्कोच्या अहवालांवर. समासात शेरा आला की त्या दोन ओळी हाच तुमचा निबंध आहे, बाकीचे आम्ही वाचलेले आहे. गुण ५२. पास पन्नासला. तिकडे साठला उत्तम आणि सत्तरला विशेष म्हणतात, हे कळेपर्यंत मी दोन रात्री झोपले नाही. आपण नव्वदच्या देशातली माणसे.

मूल्यमापनाचे मॉड्यूल मार्च ते जुलै २०२३, सरळ पार पडले. त्यात पिसाच्या २००९ च्या फेरीत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू बसले, जवळजवळ तळाला आले आणि त्यानंतर भारत त्या चाचणीत उतरलाच नाही, याची चर्चा झाली. बहुभाषिक शिक्षण मात्र मनापासून आवडले. गटात मालावीचा एक शिक्षक होता. त्याच्या वर्गात सत्तरच्या वर मुले, माझ्या अख्ख्या शाळेत एकोणीस. तो चिचेवा आणि इंग्रजीबद्दल सांगायचा आणि मला वाटायचे हा आमच्या गोव्यातल्या पेडण्याचाच असावा.

आखणी जिथे कोसळली ते सांगते. संशोधनपद्धतीचा पहिला भाग १० मे २०२४ ला द्यायचा होता. मेची सुटी, हिरवा चौकोन, निवांत. लोकसभेचे मतदान गोव्यात ७ मेला आले. प्रशिक्षण, मग ६ तारखेपासून केंद्रावर मुक्काम, यंत्रे जमा करून घरी पोहोचायला ७ ची मध्यरात्र उलटली. कार्डपेपरवर हा चौकोन कोणी आखलाच नव्हता, आणि सर पहिल्या दिवसापासून तेच तर म्हणत होते. मुदतवाढ मागता येते, पण ती मुदतीच्या आधी आणि पुराव्यासह मागावी लागते. मी ड्युटीच्या आदेशाची प्रत आणि त्याचे इंग्रजीत चार ओळींचे स्पष्टीकरण पाठवले. चौदा दिवस मिळाले. शिक्षकाला मतदान घेण्याची सक्ती असते हे त्यांना पटवायला आणखी एक ईमेल लागला.

प्रबंधात मला सर्वांत जास्त वेळ लागला तो संमतीपत्रांना. मुलांवर संशोधन म्हणजे नैतिकता समितीची परवानगी, आणि आपल्याच वर्गातल्या मुलांवर करायला त्यांनी हरकत घेतली. बाईंना नाही कोण म्हणणार, हा त्यांचा मुद्दा. बरोबर होता. शेजारच्या गावातली शाळा घेतली, त्यासाठी पुन्हा परवानगी. पालकांसाठी माहितीपत्र मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये केले. तरी एक आई म्हणाली, ‘‘वाचता येत नाही बाई, तुम्ही सांगा.’’ मग समितीला विचारून तोंडी संमती आणि साक्षीदाराची सही अशी सोय केली. सगळे मिळून सात आठवडे गेले. मी चार धरले होते. कन्नड भाषांतर फुकट झाले, आंगणवाडीतल्या मदतनीस ताईंच्या भावाने केले. त्यांना चवथीच्या नेवऱ्या दिल्या.

ऑगस्टमध्ये मार्गदर्शक रजेवर असतात, हे नीट लक्षात ठेवा. कच्चा मसुदा जुलैअखेर त्यांच्या हातात हवा. माझा २९ जुलैला पोहोचला, शेरे ३१ ला आले, नंतर सहा आठवडे कोणी नाही. २७ ऑगस्टला गणपती आला. पाच दिवस लॅपटॉप उघडला नाही, निदान असे ठरवले होते. तिसऱ्या रात्री आरत्या संपून पाहुणे झोपल्यावर माटोळीखाली बसून संदर्भसूची तपासली, वरून कुठले तरी रानफळ बदकन कीबोर्डवर पडले. १२ सप्टेंबरला पंधरा हजार शब्द सादर केले. इन्व्हर्टरचे बावीस हजार मी खर्चात धरले नाहीत, ते घरच्यांनाही उपयोगी पडले.

प्रबंधाला ६४ मिळाले. प्रमाणपत्र कुरियरने आले, त्यावर पासपोर्टवरचे, म्हणजे सासरचे नाव. मुख्याध्यापिकाबाईंनी ते हातात धरून विचारले, ‘‘सर्व्हिस बुकात लागतं का?’’ मी म्हटले, नाही. त्यांनी तरी एक झेरॉक्स काढून माझ्या फायलीत ठेवली.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे खाते ३१ डिसेंबरला बंद होणार आहे. तोवर लेख उतरवून घेतेय, रात्री साडेदहानंतर, सवयीने. बहुभाषिक वर्गांवरचे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत, कोणाला हवे असतील तर सांगा.